उंदराचे काळीज, आपले काळीज

लोअर परळच्या आमच्या वस्तीत महिन्यातल्या एका रविवारी विहारात आरोग्याची बैठक असते. कुणाचा रक्तदाब मोजायचा, कुणाची साखर बघायची, कुणाला रिपोर्ट कळला नसेल तर तो समजावून सांगायचा, असे साधे काम. मागच्या बैठकीत वस्तीतलीच एक मुलगी मदतीला होती. ती लॅबचा डिप्लोमा करते आणि एका प्रयोगशाळेत शिकाऊ म्हणून जाते. बोलता बोलता तिने सांगितले, की तिथे उंदरांचे रक्त काढून त्यांच्या हृदयाला काही इजा झाली का ते तपासतात.

बायका हसल्या. "आपल्या गटाराजवळ ये की, हव्या तेवढ्या घुशी देतो," असे कुणीतरी म्हणाले. पण कोपऱ्यात बसलेल्या एक मावशी हसल्या नाहीत. त्यांच्या सुनेला स्तनाचा कर्करोग आहे. तिला तांबडे सलाईन लावतात. त्या सलाईनने काळीज खराब होते असे शेजाऱ्यांनी सांगितल्यापासून सून पुढच्या सलाईनला जायला तयार नाही. मावशींनी विचारले, "उंदराचं काळीज ते केवढं, आणि माणसाचं केवढं? त्याच्या रक्तात बघून माझ्या सुनेचं काय कळणार?"

प्रश्न अगदी योग्य होता. त्या दिवशी आम्ही घाईत अर्धेमुर्धे उत्तर दिले. पूर्ण उत्तर इथे लिहीत आहोत, कारण ते एकट्या मावशींच्या कामाचे नाही. छातीत दुखले म्हणून रुग्णालयात गेलेल्या प्रत्येकाच्या केसपेपरवर आज जी रक्ततपासणी लिहिली जाते, तिचा आणि त्या पिंजऱ्यातल्या उंदराचा जवळचा संबंध आहे.

हृदय रक्तात कोणती खूण सोडते?

हृदय म्हणजे स्नायूंचा पंप. हा स्नायू आकुंचन पावतो तो त्याच्यातल्या काही प्रथिनांमुळे. त्यातले एक प्रथिन म्हणजे ट्रोपोनिन. हृदयाची पेशी धडधाकट असते तेव्हा ट्रोपोनिन पेशीच्या आतच राहते, रक्तात त्याचा जेमतेम अंश सापडतो. पेशी फुटली किंवा मेली की ते बाहेर पडते आणि रक्तात मिसळते. भिंतीला भगदाड पडले की खाली विटांचा चुरा दिसतो, तसेच हे. भिंत न बघताही चुऱ्यावरून कळते की काहीतरी ढासळले आहे. चुरा किती आहे यावरून नुकसानाचा अंदाजही येतो.

दुसरी खूण वेगळ्या प्रकारची आहे. हृदयावर भार वाढला, त्यात रक्त तुंबून त्याच्या भिंती ताणल्या गेल्या, की हृदय स्वतःच काही संप्रेरके रक्तात सोडते. ती मूत्रपिंडांना सांगतात, "मीठ आणि पाणी बाहेर टाका, माझ्यावरचा भार हलका करा." बीएनपी किंवा एनटी-प्रोबीएनपी या नावाची तपासणी तुम्ही रिपोर्टवर पाहिली असेल. ती याच संप्रेरकाची.

म्हणजे ट्रोपोनिन सांगते, 'हृदयाला जखम झाली.' बीएनपी सांगते, 'हृदयाला ओझे पेलवत नाही.' अशा खुणांना बायोमार्कर म्हणतात. छाती न उघडता, चमचाभर रक्तातून हृदयाची हालहवाल समजते, हा त्यांचा मोठा फायदा.

ही दुसरी खूण माणसाला पहिल्यांदा कळली तीच मुळी उंदरामुळे. १९८१ साली कॅनडात अडोल्फो दि बोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा अर्क काढला आणि तो दुसऱ्या उंदरांना टोचला. थोड्याच वेळात त्या उंदरांची लघवी कितीतरी वाढली आणि लघवीतून मीठही जास्त पडू लागले. हृदय हा नुसता पंप नाही, तो संप्रेरकही तयार करतो, हे तिथून सिद्ध झाले. पुढे १९८८ मध्ये जपानी शास्त्रज्ञांना डुकराच्या मेंदूत याच जातीचे आणखी एक संप्रेरक सापडले. तेच बीएनपी. नावात मेंदू राहिला, पण ते मुख्यतः हृदयातच तयार होते हे नंतर कळले.

पिंजऱ्यात नेमके काय करतात?

नवे औषध, कीटकनाशक किंवा कारखान्यातले रसायन माणसाच्या शरीराला किती घातक आहे, याचा अभ्यास करणाऱ्या शास्त्राला विषशास्त्र म्हणतात. त्यात पांढरे उंदीर फार वापरले जातात. हे घरातले उंदीर नव्हेत. पिढ्यान्‌पिढ्या प्रयोगशाळेतच वाढवलेली ही जात असते. एकाच वयाचे, साधारण सारख्या वजनाचे उंदीर घेऊन त्यांचे गट पाडतात. एका गटाला काहीच देत नाहीत, नुसते पाणी किंवा औषध ज्यात विरघळवतात तो द्रव देतात. दुसऱ्याला थोडा डोस, तिसऱ्याला मध्यम, चौथ्याला जास्त. मग ठरलेल्या वेळी रक्त काढतात. शेवटी हृदय काढून त्याचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. रक्तातली खूण जे सांगते तेच हृदयाच्या कापात दिसते का, हे ताडून बघायचे असते.

ऐकायला सोपे वाटते, करायला नाही. अडीचशे ग्रॅमच्या उंदराच्या अंगात सगळे मिळून सोळा मिलिलिटरच्या आसपास रक्त असते, म्हणजे तीन-चार चमचे. त्यातले एका वेळी दहावा हिस्सा, दीड मिलिलिटर काढले तरी त्याला ते भरून काढायला दोन आठवडे द्यावे लागतात. त्याचे हृदय जेमतेम एक ग्रॅमचे आणि ठोके मिनिटाला तीनशे ते चारशे. आपले साठ ते शंभर. उंदराला वेडेवाकडे धरले, घाबरवले, सुई नको तिथे टोचली, तरी रक्तातले आकडे बदलतात. म्हणून आमची ती शिकाऊ मुलगी सांगत होती, "आधी महिनाभर मला नुसतं उंदीर हातात शांतपणे धरायला शिकवलं." आम्ही नर्सिंग शिकताना लहान मुलाची शीर शोधायला शिकलो, त्याची आठवण झाली. घाबरलेल्या जिवाचे रक्त काढायला हात हळुवारच लागतो.

वेळेचे गणितही महत्त्वाचे आहे. हृदयावर एकदम ताण आणायचा असेल तर प्रयोगात आयसोप्रेनालिन नावाचे औषध जास्त मात्रेत देतात. आपल्याकडच्या औषधशास्त्राच्या प्रयोगशाळांत ही जुनी, रुळलेली पद्धत आहे. या इंजेक्शननंतर उंदराच्या रक्तात ट्रोपोनिन काही तासांत चढते आणि एक-दोन दिवसांत पुन्हा खाली येते. तिसऱ्या दिवशी रक्त काढले तर रिपोर्ट जवळजवळ स्वच्छ येईल, आणि हृदयाच्या कापात मात्र जखम दिसेल. खूण बघायची तर ती पुसली जाण्याआधी बघावी लागते.

पूर्वी यासाठी एसजीओटी, एलडीएच, सीपीके-एमबी अशा तपासण्या करत. आमच्यासारख्या जुन्या परिचारिकांच्या हातून असे किती नमुने लॅबला गेले असतील! पण एसजीओटी यकृतातही असते, एलडीएच शरीरात सगळीकडे असते. उंदराने पिंजऱ्यात झटापट केली, सुई मांडीच्या स्नायूत टोचली, तरी यातले काही आकडे वाढतात. मग चुरा कोणत्या भिंतीचा, हेच कळत नाही. हृदयातले ट्रोपोनिन हे हृदयाचेच असते, हाडाला जोडलेल्या स्नायूंतले ट्रोपोनिन वेगळ्या घडणीचे. म्हणून ही खूण जास्त भरवशाची ठरली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२ मध्ये उंदीर आणि कुत्रा यांच्यावरील औषध-सुरक्षेच्या चाचण्यांसाठी ट्रोपोनिन टी आणि ट्रोपोनिन आय यांना अधिकृत मान्यता दिली. गंमत अशी, की त्याआधी बरीच वर्षे ती माणसांच्या रुग्णालयात वापरात होती. म्हणजे ही वाट उंदराकडून माणसाकडे आणि माणसाकडून पुन्हा उंदराकडे, अशी दोन्ही बाजूंनी चालते.

परळ, महाड आणि लाल विंचू

हे सगळे परदेशातच घडले असे समजू नका. आपल्या उशाशीच या कामाचा मोठा इतिहास आहे.

परळचे हाफकिन आपण सगळ्यांनी बाहेरून पाहिले आहे. मुंबईत प्लेगने थैमान घातले तेव्हा १८९६ मध्ये वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगच्या लसीचे काम सुरू केले. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली आणि १९२५ पासून तिला हाफकिन संस्था हे नाव आहे. उंदरावरच्या पिसवांमुळे प्लेग पसरतो, याचे महत्त्वाचे प्रयोग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याच परळमध्ये झाले. चाळींतल्या आपल्या आज्या-पणज्यांच्या काळात उंदीर मेला की लोक घर सोडून पळायचे. त्याच उंदराने प्रयोगशाळेत साक्ष दिली आणि रोगाची वाट सापडली.

हृदयाच्या बाबतीत आपल्या भागाचा संबंध येतो तो लाल विंचवामुळे. आपल्या वस्तीतली निम्मी घरे रत्नागिरी-रायगडची. मे महिन्यात गावी गेलो की गोवऱ्या, लाकडे, कौले, दगड हलवताना विंचू निघतोच. लाल विंचू चावला की त्याच्या विषाने शरीरातल्या नसा बेफाम उत्तेजित होतात, ॲड्रेनालिनसारख्या द्रव्यांचा लोंढा रक्तात येतो आणि हृदयावर भयंकर ताण पडतो. दंशाची वेदना एक वेळ सोसता येते. माणूस, विशेषतः लहान मूल, दगावते ते हृदय थकून फुप्फुसात पाणी भरल्याने. वर सांगितलेल्या आयसोप्रेनालिनच्या प्रयोगात उंदराच्या हृदयावर मुद्दाम जो ताण आणतात, त्याच जातीचा हा ताण, फक्त विषामुळे आलेला.

केईएम रुग्णालयाला जोडलेल्या परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र विभागाच्या डॉ. के. राधाकृष्ण मूर्ती यांनी अनेक वर्षे हेच प्रयोग केले. प्राण्यांना विंचवाचे विष टोचायचे, त्यांचा ईसीजी बघायचा, रक्तातली साखर, इन्सुलिन आणि स्निग्ध आम्ले मोजायची. विषाने नुसते हृदय नाही, सगळ्या शरीराचा इंधनाचा कारभार कसा बिघडतो, हे त्यांनी दाखवले.

त्याच काळात डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विंचू चावलेल्या रुग्णांच्या उशाशी रात्र रात्र बसून नोंदी करत होते. महाड हे नाव आपल्याला चवदार तळ्यामुळे पाठ आहे. त्याच महाडमधून आलेल्या त्यांच्या निरीक्षणांना १९८२ मध्ये 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात जागा मिळाली. पुढे त्यांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचे साधे, स्वस्त औषध विंचूदंशावर वापरले. आधी अशा गंभीर रुग्णांतले शंभरातले पंचवीस-तीस दगावायचे. प्राझोसिननंतर हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आल्याचे त्यांनी नोंदवले. हाफकिनमध्ये विंचवावरचे प्रतिविष तयार झाले, आणि प्राझोसिनसोबत प्रतिविष दिल्यावर रुग्ण आणखी लवकर सावरतात हे महाडमध्ये ७० रुग्णांवर केलेल्या अभ्यासातून २०११ मध्ये पुढे आले. २०२२ मध्ये डॉ. बावस्करांना पद्मश्री मिळाली.

या गोष्टीतून एक मुद्दा पक्का होतो. प्रयोगशाळेतला प्राणी आणि रुग्णशय्येवरचा माणूस, दोघांकडे नीट लक्ष दिले तरच औषध सापडते. नुसत्या प्राण्यावरून नाही आणि नुसत्या तर्कावरूनही नाही.

तांबड्या सलाईनचे काय?

आता मावशींच्या सुनेकडे येऊ. ते तांबडे औषध म्हणजे बहुधा डॉक्सोरुबिसिन किंवा त्याच कुळातले औषध. स्तनाच्या कर्करोगावर, रक्ताच्या आणि लसिकाग्रंथींच्या कर्करोगावर ते गेली अनेक दशके वापरात आहे आणि त्याने असंख्य जीव वाचले आहेत. त्याचा दोषही खरा आहे. ते हृदयाच्या पेशींना इजा करू शकते आणि ही इजा डोसागणिक साठत जाते. म्हणून आयुष्यभरात एकूण किती द्यायचे, याची मर्यादा डॉक्टर पाळतात. शरीराच्या आकारमानानुसार दर चौरस मीटरला साधारण ४५० ते ५५० मिलिग्रॅमच्या पुढे ते सहसा जात नाहीत. ज्यांना आधीच हृदयविकार आहे, छातीवर किरणोपचार झाले आहेत, त्यांच्यासाठी मर्यादा आणखी खाली आणतात.

१९९० च्या दशकात अमेरिकेत उच्च रक्तदाब असलेल्या उंदरांना हे औषध दर आठवड्याला थोडे थोडे देऊन ट्रोपोनिन टी मोजले. एकूण डोस जसा वाढत गेला तसे ट्रोपोनिन वाढत गेले आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारी हृदयाची हानीही त्याच्या जोडीने वाढली. डेक्सराझोक्सेन हे संरक्षक औषध दिले तर हानी कमी होते, हेही प्राण्यांत दिसले. नंतर रक्ताच्या कर्करोगाच्या लहान मुलांवर असाच अभ्यास झाला आणि ज्या मुलांना संरक्षक औषध मिळाले होते त्यांच्यात ट्रोपोनिन कमी वेळा वाढलेले आढळले.

म्हणून मावशी, उत्तर असे: उंदराचे काळीज एवढेसे असले तरी त्याच्या पेशीतले ट्रोपोनिन आपल्या ट्रोपोनिनशी इतके मिळतेजुळते आहे, की त्याच्या रक्तातली खूण आपल्याला इशारा देऊ शकते. त्या उंदराने सांगितले, की हे औषध मोजून द्या आणि देताना हृदयावर नजर ठेवा. औषध देऊच नका, असे त्याने सांगितलेले नाही. सुनेने उपचार अर्धवट सोडले तर कर्करोग थांबणार नाही. तिने डॉक्टरांना विचारायचे ते हे: माझे आतापर्यंत एकूण किती मिलिग्रॅम झाले? माझा इको कधी झाला, पुढचा कधी? दम लागला, पाय सुजले, रात्री आडवे झाल्यावर श्वास कोंडला तर कुठे यायचे?

उंदीर कुठे फसवतो?

खरे सांगायचे तर उंदीर पूर्ण साक्षीदार नाही. त्याच्या हृदयाच्या ठोक्याची विजेची घडण आपल्याहून वेगळी आहे. काही औषधांनी माणसाच्या हृदयाचा ताल बिघडून तो अचानक दगावू शकतो. हा धोका उंदराच्या ईसीजीवर नीट दिसत नाही, त्यासाठी कुत्रा किंवा गिनीपिग घ्यावा लागतो. उंदराचे बीएनपी आपल्यापेक्षा वेगळे. आपले ३२ दुव्यांचे, त्याचे ४५ दुव्यांचे. म्हणून माणसाचे बीएनपी मोजायचे किट उंदराला चालत नाही. शिवाय म्हाताऱ्या नर उंदरांच्या हृदयात औषधाशिवायही आपोआप बिघाड होत असतो. मग औषधाचा दोष कोणता आणि वयाचा कोणता, हे ओळखणे अवघड जाते.

रोफेकॉक्सिब हे सांधेदुखीचे औषध प्राण्यांवरच्या सगळ्या चाचण्या पार करून बाजारात आले, आणि हृदयविकाराचा झटका येण्याचा धोका वाढतो म्हणून २००४ मध्ये कंपनीला ते जगभरातून मागे घ्यावे लागले. तो धोका हजारो माणसांनी औषध घेतल्यावरच उघड झाला. 'तपासलेले आहे' म्हणजे 'कायमचे निर्धोक आहे' असे नसते. कोणत्याही औषधाने काही त्रास झाला तर डॉक्टरांना सांगणे, ही त्या तपासणीचीच पुढची पायरी आहे.

आणखी एक फरक आम्हाला सतत टोचतो. प्रयोगशाळेतल्या उंदराला एका वेळी एकच विष देतात, तेही मोजून. आपल्या माणसाला किती विषे एकदम मिळतात? सकाळी मशेरी, दिवसभर तंबाखू, कामावर रसायनांची वाफ, रस्त्याचा धूर, आणि पोटात वेळेवर अन्न नाही. भारतातल्या नियमांप्रमाणे उंदरांच्या खोलीतली हवा तासाला बारा ते पंधरा वेळा बदलली पाहिजे, तापमान १८ ते २९ अंशांत राहिले पाहिजे. प्रत्येक प्रयोगाला नीतिसमितीची परवानगी लागते आणि त्या समितीत समाजाची जाण असलेली, शास्त्रज्ञ नसलेली एक व्यक्ती असावी लागते. हे नियम योग्यच आहेत. पण मग गटारात उतरणाऱ्या आपल्या भावाची हवा कोण मोजतो? गटारातला हायड्रोजन सल्फाइड वायू पेशींना प्राणवायू वापरू देत नाही आणि मेंदू, हृदय यांच्यावर आधी घाला घालतो. एका उंदराला असा वायू द्यायचा तरी कागद करावा लागतो, समितीपुढे जावे लागते. माणसाला उतरवायला मात्र ठेकेदाराची एक हाक पुरते. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय असे उतरवणे गुन्हा ठरवले आहे. घरातला कुणी असे काम करत असेल तर हा कायदा त्याला माहीत असू द्या. आत कुणी कोसळला तर त्याच्यामागे तसेच उतरू नका. वाचवायला उतरलेला दुसराही त्यातच जातो.

मग जीव घेणे बरोबर का?

पंचशीलातले पहिलेच शील प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचे. म्हणून हा प्रश्न आमच्या बैठकीत उठलाच. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अहिंसेची चर्चा करताना तत्त्व आणि आंधळा नियम यांत फरक केला आहे. मारण्याची हौस वेगळी आणि मारण्याची निकड वेगळी, हे त्यांनी वेगळे करून दाखवले. प्रयोगाच्या बाबतीत हीच कसोटी आम्हाला लागू वाटते. दुसरा मार्ग असताना प्राणी मारला तर ती निकड नाही.

शास्त्रातही हा विचार आहे. १९५९ मध्ये रसेल आणि बर्च या दोघांनी तीन गोष्टी सांगितल्या: शक्य तिथे प्राण्याऐवजी दुसरी पद्धत वापरा, प्राण्यांची संख्या कमी करा, त्यांच्या वेदना कमी करा. रक्तातल्या खुणा इथेही उपयोगी पडल्या. पूर्वी हृदयाची इजा बघायला दर टप्प्यावर काही उंदीर मारावे लागत. आता त्याच उंदराचे थेंबभर रक्त पुन्हा पुन्हा बघता येते, म्हणून उंदीर कमी लागतात. सौंदर्यप्रसाधनांच्या प्राण्यांवरील चाचण्यांवर भारताने २०१४ मध्ये बंदी घातली. मार्च २०२३ मध्ये औषधांच्या नियमांत बदल करून प्राण्यांऐवजी माणसाच्या पेशींवरच्या आणि इतर नव्या चाचण्यांना वाव दिला. माणसाच्या पेशींपासून बशीत वाढवलेले, धडधडणारे हृदयाचे तुकडे आता औषध तपासायला वापरतात. त्यातही ट्रोपोनिनच मोजतात.

घरात लक्षात ठेवायच्या गोष्टी

शेवटी आमच्याच आयुष्यातली एक गोष्ट. बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही एका रुग्णालयात रात्रपाळीला होतो. एक कामगार छातीत जळजळते म्हणून आला. दुखणे सुरू होऊन तासच झाला होता. ट्रोपोनिन केले, ते ठीक आले. पित्ताची गोळी देऊन त्याला घरी पाठवले. पहाटे त्याला परत आणले तेव्हा उशीर झाला होता. आम्ही तिथेच होतो आणि 'दुसरे रक्त घेऊ या' असे म्हणालो नाही. ते आजही मनात आहे. म्हणून हे कापून भिंतीला लावा:

• छातीत दाब, जडपणा, जळजळ, घाम, डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत दुखणे, बायकांत नुसता दम लागणे, मळमळ, कमालीचा थकवा: हे 'गॅस' समजून घरी थांबू नका. १०८ ला फोन करा.

• रुग्णालयात पोहोचल्यावर दहा मिनिटांच्या आत ईसीजी झाला पाहिजे. तो मागा.

• ट्रोपोनिन चढायला वेळ लागतो. दुखणे सुरू झाल्याबरोबर केलेली एक तपासणी ठीक आली म्हणून घरी येऊ नका. 'दुसऱ्यांदा कधी करणार?' असे विचारा. तपासणीच्या प्रकाराप्रमाणे ती एक ते सहा तासांनी पुन्हा करतात.

• माणसात ट्रोपोनिन बरेच दिवस वाढलेले राहते. दोन-तीन दिवसांपूर्वी जोरात दुखून गेले असेल, तरी आजही जाऊन सांगा.

• ट्रोपोनिन वाढले म्हणजे दर वेळी हृदयविकाराचा झटकाच, असे नाही. मूत्रपिंडाचा आजार, मोठा जंतुसंसर्ग, फुप्फुसातली गुठळी यानेही ते वाढते. रिपोर्ट वाचून स्वतः निष्कर्ष काढू नका. काही तक्रार नसताना स्वस्तातल्या पॅकेजमध्ये ते करून घेण्यातही अर्थ नाही.

• किमो चालू असलेल्यांनी एका वहीत औषधाचे नाव, तारीख आणि मिलिग्रॅम लिहून ठेवावे. शहर बदलले, डॉक्टर बदलले, तरी ही वही सोबत न्या.

• गावी विंचू चावला आणि घाम, उलटी, हातपाय थंड, धडधड दिसली तर मंत्र, पाला, दगड लावण्यात वेळ घालवू नका. थेट आरोग्य केंद्र गाठा आणि किती वाजता चावला ते सांगा.

मावशींची सून पुढच्या बैठकीला आली होती. हातात शाळेची जुनी वही. पहिल्या पानावर तारखा आणि आकडे, खाली इकोची तारीख. पुढचे सलाईन मंगळवारी आहे, आणि ती जाणार आहे.